धूर नसल्याचा दाखला

चाकानंतर माणसाने लावलेला सर्वांत मोठा शोध महाडमध्ये, शरद मास्तरांच्या परसात लागला, हे इतिहासाने एकदा मान्य करून टाकायला हवं. इतिहासाने ते अजून केलेलं नाही. पहिल्या वर्षी त्या शोधात मांजर व्यालं.

शोध म्हणजे बिनधुराची चूल. माती, भाताचं तूस आणि शेण यांची, पोटात वळणं घेतलेली, मागे पत्र्याचं धुराडं असलेली. मास्तरांच्या बायकोच्या, कालिंदीबाईंच्या ओट्यावर गॅस होता, त्यामुळे घरात त्या चुलीची गरज फक्त मांजराला होती. "पिल्लांना धुराचा जराही त्रास नाही हो," असं त्या आल्यागेल्याला गंभीरपणे सांगत. मास्तर हायस्कूलात विज्ञान शिकवत. बायकोचा विनोद त्यांना दुसऱ्या दिवशी कळे.

पण चुलीमागे कारण होतं. मास्तरांचं लहानपण महाडजवळच्या नाते गावात गेलं. आई फुंकणी घेऊन चुलीपुढे बसे, डोळे बाराही महिने लाल. वर दोरीवर सुके बोंबील टांगलेले, ते त्या धुरात काळे पडत. मास्तरांचा शाळेचा सदराही त्याच वासाचा, आणि महाडच्या शाळेत त्यांच्या शेजारचं बाक मोकळं राही. आई खोकून खोकून गेली. चूल जमली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. निदान दुसऱ्या कुणाच्या आईच्या घरात ती पेटावी, एवढंच त्यांना हवं होतं.

पोलादपूरच्या वरच्या डोंगरात खांडीची वाडी आहे. दर रविवारी मास्तर एसटीने पोलादपूर आणि पुढे पायी वाडी गाठत. तिथल्या बायका त्यांना चहा देत, चुलीचं वर्णन शेवटपर्यंत ऐकत आणि म्हणत, "तुमची चूल हाय, तुमी बरीच म्हननार."

यात खोट काढायला जागा नव्हती. कुणीतरी तिऱ्हाईताने चूल तपासून सांगितलं पाहिजे, हे मास्तरांनाही पटलं. शेवटी त्यांच्यातली चंद्राबाई तयार झाली. तिच्या घरी त्यांनी चूल बसवली आणि महिनाभर वापरायला सांगितलं. पुण्याच्या एका संस्थेतला निषाद नावाचा इंजिनियर तपासायला येणार असं ठरलं.

महाडजवळच्या वीर स्टेशनात तेव्हा रेल्वे नुकतीच थांबायला लागली होती. महाडची माणसं संध्याकाळी कुठे जायचं नसतानाही गाडी बघायला वीरला जात, आणि गाडी गेली की आपणच कुठूनतरी आल्यासारखी रिक्षाने परतत. तशाच एका रिक्षात, मांडीवर धूर मोजायची पेटी घेऊन, निषाद साहेब महाडात उतरले. कालिंदीबाईंनी त्यांना वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ठरवलेल्या जीपने दोघे निघाले, आणि रस्ता संपला तिथून वाडी चढले.

चंद्राबाईच्या घरात चूल नुसती लखलखत होती. गेरू लावलेला, पुढे रांगोळी, वर हळदकुंकू, आणि लाकडं घालायच्या तोंडाशी नारळ. पेटीचा काटा जागचा हलला नाही.

"कमाल आहे!" निषाद साहेब म्हणाले. "असा निकाल मी देशात कुठे पाहिला नाही." मग खात्रीसाठी त्यांनी धुराड्यात हात घातला. हाताला काजळी लागली नाही. एक कोळी मात्र हातावरून चालत बाहेर आला.

मास्तरांनी वाकून चुलीत पाहिलं. "चंद्राबाई, चूल पेटवली कधी होती?"

"पेटवू कशी? तपासायला साहेब येनार, आन् मी ती काळी करून ठेवू व्हय?"

महिनाभर तिने घरामागे तीन दगडांवर रांधलं होतं, पावसाच्या दिवसांत डोक्यावर इरलं धरून.

नारळ बाजूला झाला, चूल पेटली. पेटीचा काटा थोडा हलला, तेवढाच. निषाद साहेबांनी शिक्क्यानिशी दाखला दिला. मास्तरांनी तो अंगणात जमलेल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवला.

त्यांच्यातली आवडी म्हणाली, "ह्ये सायब कुनाच्या जीपनं आलं?"

"माझ्या."

"कुनाकडं जेवलं?"

"आमच्याकडे."

"मंग?"

निषाद साहेबांनी बिरड्याची आठवण येऊन खाली पाहिलं. मास्तरांनी दाखला ओट्यावर ठेवला. "मग तुमचा भरवसा आहे तरी कुणावर?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. काशीबाई हळूच म्हणाली, "चंपाबाईवर. ती या घराचं बरं कधी बोलायची नाय."

चंपाबाई म्हणजे चंद्राबाईची चुलतजाऊ. दोन घरांच्या मधल्या फणसावरून त्यांचं बोलणं बंद होतं. फणस केव्हाच वादळात पडला. भांडण तेवढं उभं होतं. चंद्राबाईने तोंड वाकडं केलं, पण वाडीपुढे तिचं चालेना.

निरोप जायचा अवकाश, चंपाबाई आलीच. येताना काखेत स्वतःच्या घरची ओली लाकडं.

"ही घाल," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "सुक्यावर कुनीबी शानी व्हते."

ओली लाकडं पेटीलाही दाखवली नव्हती. चंद्राबाई पीठ मळू लागली. चंपाबाई चुलीच्या अगदी तोंडाशी बसली, डोळे ताणून, धूर कधी येतो याची वाट बघत. लाकडं चुरचुरली, फेसाळली, आणि मग बाहेर धुराड्याच्या टोकाला पांढरा धूर दिसू लागला. आत काही नाही. भाकरी फुगली. मास्तरांनी श्वास रोखून धरलेला, आणि निषाद साहेबांनीही, मास्तरांकडे बघून.

चंपाबाईने पदराने डोळे पुसून पाहिले. कोरडे होते. तिला ते आवडलं नाही.

"धूर नाय," ती भिंतीला म्हणाली. उठता उठता पुढे, "भाकरी जाडी हाय. ती पयल्यापासूनच जाडी करते."

"जाडी तर जाडी! खाऊन जा," चंद्राबाई फटकन बोलली. वाडी चकित झाली. चंपाबाईने भाकरी घेतली, पाठ फिरवून खाल्ली.

मग अंगणात एकच गलका उठला. "मास्तर, माज्याकडं पयली!" "तुज्याकडं का गो? माजं सासरं दम्याचं हायत!" शिक्क्याचा दाखला कुणाच्या तरी पाटाखाली गेला होता.

मास्तर मात्र आतच उभे राहिले. चुलीत जाळ, तव्यावर भाकरी, पुढे बसलेली बाई, सगळं अगदी नाते गावच्या घरासारखं. त्यांनी खोल श्वास घेतला. कसलाच वास आला नाही. इतकी वर्षं त्यांना हेच हवं होतं, आणि आता छातीत काहीतरी रिकामं वाटत होतं. आई इथे बसली असती तर डोळे पांढरेशुभ्र असते तिचे. पण मग तिला ओळखलं असतं का आपण, असा एक खुळा विचार त्यांच्या मनात आला.

सगळ्या पांगल्यावर चंपाबाई दाराशी रेंगाळली. आत चंद्राबाई नाही असं पाहून तिने आवाज खाली आणला.

"मास्तर, माजीबी चूल घाला. पन तिला एक भोक ठेवा."

"भोक? कशाला?"

"धूर यायला. लय नको. पावसाळ्यात बोंबलांना कीड लागते. बोंबलांपुरता ठेवा."