कुंडलिकबुवाची विजेची बाटली

लासुर्ण्याच्या चावडीपुढं त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. १९५४ चा मे महिना. तिसऱ्या प्रहरीच आभाळ काळवंडलेलं, आणि पारावर कुंडलिकबुवा काचेची एक बाटली पुढ्यात घेऊन बसलेला. बाटलीत पितळी काडीला सोन्याच्या वर्खाची दोन पानं लोंबत होती. बुवानं काळी कांडी घोंगडीवर घासली, पितळी काडीच्या टोकाला टेकवली, आणि मिटलेली पानं आपोआप फाकली.

"इजाई आली!" बुवा विजेच्या देवीच्या नावानं ओरडला. सगळ्यांचे हात जोडले गेले. माझेही जोडले गेले असते, पण हातात ताकाची चरवी होती.

समोर सारजा बसवलेली, पायात नांगराची साखळी. आठ दिवसांमागं वळवाच्या पावसात तिचा नवरा सिद्धू आणि धाकटा दीर बाभळीखाली उभे राहिले, आणि वीज पडली. सारजा अडलेल्या मेंढीपाशी ओघळीत बसली होती, ती वाचली. तेवढाच तिचा गुन्हा.

बुवाचं म्हणणं, वीज हिची पाठराखीण आहे. हिच्यापुढं पानं मिटली तर ते खरं. मग येणाऱ्या ढगात हिला माळावर उभी करायची. वाचली तर निर्दोष, मेली तर गाव सुटलं. गेल्या साली पिंपळीच्या रंगूबाईला असंच उभं केलं होतं. ती मेली, आणि बुवाचं नाव चार गावांत झालं.

"मी मेंढीपाशी हुते म्हणून वाचले," सारजा म्हणाली. "अडलेलं जनावर सोडून जायाला पायजे हुतं व्हय?"

आधी ताडून बघायला पाटलीण द्वारकाबाई बाटलीपुढं बसली. बुवानं देवाचं एक नाव घेतलं आणि तिला उठवलं; पानं फाकलेलीच. सारजाच्या वेळी मात्र त्याला खंडोबा आठवला, बिरोबा आठवला, म्हसोबा, यमाई, सटवाई...

"ह्यो तर समद्या तालुक्याची हजेरी घ्याया लागलाय," मी शेजारणीला म्हणाले.

हजेरी संपता संपता पानं उतरली आणि मिटली.

"अवदसे! माझी दोन्ही लेकरं खाल्लीस!" सारजाची सासू ठमाबाई किंचाळली. ढग गडगडला. दोघा गड्यांनी साखळी ओढली.

"थांबा." महिपती गुरुजी पुढं झाले. बारामतीला शास्त्र शिकवायचे, सुट्टीला गावी आलेले. "बुवा, आता तिच्या जागी तुमी बसा. देवांची नावं मी घेतो. तेवढीच."

"माझी परीक्षा? इजाई कोपंल!"

"बसा वो म्हाराज," आबासाहेब पाटील म्हणाले. "तुमच्या घरचीच हाय ती."

माणसं हसली. बुवाला बसावं लागलं. गुरुजींनी कांडी घासली, सगळी नावं सावकाश घेतली. पानं मिटली. मग बुवाला उठवून तिथं दळायचं जातं ठेवलं. पुन्हा कांडी घासली, पुन्हा नावं घेतली; जात्यापुढंही पानं मिटली.

"आता जात्यालाबी माळावर न्या!" मागून कोणीतरी ओरडलं.

गुरुजी हसले नाहीत. "शाळेत असती अशी बाटली. घासून आलेली ईज पानांत शिरली की ती एकमेकांना लोटत्यात. पर आभाळापलीकडनं बारीक कणांचा मारा रात्रंदिस चालू असतो. विश्वकिरण म्हणत्यात त्याला. त्याच्या धक्क्यानं हवा ती ईज हळूहळू वाहून नेती. हवा आजच्यासारखी दमट असली की लवकर. पर कोरड्या, बंद बाटलीतबी पानं मिटल्याबिगर ऱ्हात न्हाईत. समोर कुणी असू दे, नुसता वेळ लावायचा."

"मग ढगातली ईजबी त्येच पाडत्यात काय?" आबासाहेबांनी विचारलं.

"तिला वाट करून देत असतील, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. नक्की अजून कुणाला ठावं न्हाय."

एवढा शिकलेला माणूस भर चावडीत 'ठावं न्हाय' म्हणाला. बुवाला मात्र सगळं ठाऊक होतं, कुणाला मारायचं तेसुद्धा. वळून बघितलं तर तो बाटली टाकून पसार.

"मग माझी पोरं कुणी मारली?" ठमाबाईनं विचारलं.

"कुणीच न्हाय, काकी. उंच झाडाखाली उभी हुती. ईज झाडावर पडली."

ठमाबाई सारजाकडं बघत राहिली. वैर धरायला कुणीच उरलं नाही, तेव्हा ती खाली बसली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा रडली. साखळी सारजानं स्वतःच सोडली. मदतीला कुणाचा हात पुढं झाला नाही; माझाही नाही. दुसऱ्या दिवशी उरलेली मेंढरं घेऊन ती माहेरी गेली, ती परत आली नाही.

बायांनो, बाप्यांनो, ढग गडगडले की झाड सोडा, माळ सोडा, घरात शिरा. आभाळात काय चालतं ते शास्त्रज्ञ शोधतील, सावकाश. पण माणसाला त्या आभाळाखाली ढकलायचं नाही, एवढं कळायला त्यांची वाट बघायची गरज नाही.