मागच्या खोलीतला मावा

जग ज्याला मारतं तो मावा मी पाळते. मागच्या खोलीत, घेवड्याच्या रोपांवर. हे हिरवे, मोहरीहून बारीक किडे कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून दिवसभर रस पीत बसतात. तो मावा मी शेजारच्या जाळीतल्या ढालकिड्यांना खाऊ घालते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे फुलं पिकवणाऱ्यांना हवे असतात, कारण बागेत सोडले की ते तिथला मावा फस्त करतात.

दादाला मात्र ती खोली टायर ठेवायला हवी होती. "पैपाहुण्यांना सांगायची लाज वाटते. बहीण काय करते, तर कीड पोसते," असं तो जेवताना ऐकवायचा. शेवटी बाबांनीच निवाडा केला. फुलं पिकवणाऱ्या एका काचघराच्या मालकीणबाई सोमवारी माझे ढालकिडे बघायला येणार होत्या. त्यांनी काम दिलं तर खोली माझी, नाही तर टायरांची. दादा निमूट हो म्हणाला. दादा आणि निमूट, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

बाबांनी आयुष्यभर लोकांच्या बागा फवारल्या. आता नजर अधू झाली आहे आणि नवीन गोष्ट डोक्यात अर्धीमुर्धीच टिकते. मावा मुद्दाम पाळलाय हे मी रोज सांगायचे आणि ते रोज विसरायचे. घरात कुणी त्यांना काम सांगत नाही, हेच त्यांना जास्त लागतं.

रविवारी मी रोपांसाठी माती आणायला गेले. परतले तर घरभर तंबाखूचा उग्र वास. मागच्या खोलीत बाबा उभे, पाठीवर जुना पंप, तोंडाला फडकं. शेंडे चिंब झाले होते. मावा गळून कुंड्यांत पडला होता. जाळीतले ढालकिडे उताणे झाले होते, एखादा अजून पाय हलवत होता.

"बघ, एक शिल्लक ठेवला नाही," बाबा म्हणाले. त्यांना इतकं खुश मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "दादा म्हणाला, हिच्या झाडांवर कीड पडलीय, तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. तंबाखूसुद्धा त्यानेच भिजत घातली."

दादा दारात साळसूदपणे उभा होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण खरं बोलले असते तर बाबांना कळलं असतं, त्यांच्या हातून काय झालं ते. मी ते बोलणार नाही, हे दादाला पक्कं ठाऊक होतं.

"छान झालं, बाबा," मी म्हणाले.

"मग? उद्या त्या बाईंना ही स्वच्छ झाडं दाखव. बघतोच कशा काम देत नाहीत ते." ते दादाकडे वळले. "आणि तू रे, टायरांना दुसरी जागा शोध. ही खोली आता हिची."

"हो बाबा," दादा म्हणाला आणि त्यांच्या पाठीवरचा पंप उतरवायला हौसेने पुढे झाला.