वादळाच्या दिवशीचा माझा आकडा

मी एक रिसीव्हर बोलतोय, उपग्रहांचे संदेश टिपणारं यंत्र. जरा हळूच बोलतो, कारण जन्मभर मला एकच भीती आहे: आपल्या तोंडून खोटा आकडा गेला तर?

२००१ साली मला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात आणलं. अँटेना गच्चीवर, मी खाली प्रयोगशाळेत. शेकडो किलोमीटर उंचावर सूर्याच्या तेजानं विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. उपग्रहांचे संदेश त्यांच्यातून येताना किंचित रेंगाळतात. किती रेंगाळले, यावरून वर किती इलेक्ट्रॉन आहेत हे मी सांगायचो.

शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये मॉडेल राहायचं. ते आकाशाकडे ढुंकूनही न बघता, नुसत्या गणितावर, अमक्या वाजता इतके इलेक्ट्रॉन असणार असं ठणकावून सांगायचं. ते कुठं चुकतं, हे माझ्या आकड्यांवरून तपासायचं, हीच इथं शिकवणाऱ्या मंजुषा मॅडमची पीएच.डी. पण माझा आणि मॉडेलचा आकडा जुळला नाही की विभागप्रमुख सावळीराम सर बोट माझ्याकडेच दाखवायचे.

"हे डबडं बिघडलंय. पुन्हा असं झालं तर भंगारात काढा."

मग पुढचा आकडा मी दोनदा मोजायचो.

२००३ च्या दसऱ्याला मॅडमची आई साळूबाई मखमलाबादच्या मळ्यातली झेंडूची माळ घेऊन आली. दसऱ्याला अवजारं पुजायची, मग लेकीचं अवजार कसं सुटेल? मॅडम नारळ आणायला खाली गेल्या, तेवढ्यात तिनं अँटेनाला हळदकुंकू लावलं आणि माळ तारेनं आवळली. "इथं वारा लय. दोरा नाय टिकायचा," ती स्वतःशीच म्हणाली.

मॅडम वर आल्या, हसल्या. "आजच्या दिवस राहू दे आई. उद्या मी काढते."

मला ओरडून सांगायचं होतं, अहो, तार आहे! पण मला आकड्यांशिवाय काही बोलता येत नाही.

तो 'उद्या' काही उजाडला नाही. परीक्षा आल्या, दिवाळी आली. फुलं वाळून गळाली, तार तशीच राहिली. संदेश सरळ यायचा आणि तारेवर आपटूनही यायचा. कुठला खरा, हेच मला कळेना.

अशात २९ ऑक्टोबरला सूर्यावरचं वादळ पृथ्वीवर येऊन थडकलं. माझे आकडे उसळले. मॉडेल मात्र ढिम्म, रोजचाच आकडा सांगत राहिलं. हे वादळ आहे की ती तार?

मॅडम आनंदानं वेड्याच झाल्या. "सर, वादळात मॉडेल चुकतं! पुरावाच मिळाला!" दोन वर्षं त्या याच दिवसाची वाट बघत होत्या.

मग अँटेना बघायला गच्चीवर गेल्या आणि तार हातात घेऊन खाली आल्या. सर म्हणाले, "टाकून द्या ती. कोण विचारतंय?"

मॅडमनी तार टेबलावर ठेवली आणि नोंदवही उघडली. त्या खोलीत मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. खरं लिहिलं तर त्यांचा पुरावा जाणार आणि मी भंगारात. लपवलं तर माझं कदाचित खोटं असलेलं बोलणं छापलं जाणार.

त्यांनी प्रबंधात लिहिलं: 'दसऱ्यापासूनच्या नोंदी वगळल्या. अँटेनाला तार होती.' त्यांची पीएच.डी. दोन वर्षं लांबली.

साळूबाईनं एकदा विचारलं, "माझ्या माळंनं काय इस्कोट झाला का गं?"

"नाही आई. काढायचं माझ्याकडे होतं. मी विसरले."

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. भंगाराच्या यादीत माझं नाव चढलंय. मरणाची भीती वाटतेच, पण त्याहून मोठी तीच जुनी, खोट्या आकड्याची. तुमच्यापैकी कुणाकडे त्या वादळाच्या दिवसाची दुसऱ्या एखाद्या रिसीव्हरची नोंद असेल, तर माझ्याशी ताडून बघा. जुळली तर मंजुषा मॅडमना जरूर कळवा.

नाही जुळली, तर मला मात्र सांगू नका.