उस्तादांच्या हातचा कप

मातीचा गोळा तिने चाकावर असा आपटला, की कपांची फळी हादरली.

"पुन्हा वाचा," ती नवऱ्याला म्हणाली.

वाचायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने नुसता मोबाइल पुढे केला. क्राउडफंडिंगच्या पानावर सासऱ्यांचा हसरा फोटो होता आणि खाली मजकूर: 'थकलेल्या उस्तादांना नवी भट्टी हवी आहे. मदत करा आणि त्यांच्या हातचा कप मिळवा.'

उस्तादांच्या हातचा! अर्धांगवायूचा झटका आल्यापासून सासऱ्यांना चमचासुद्धा धरवत नव्हता. तेव्हापासून माती मळायची हिने, कप घडवायचे हिने, जुनाट भट्टीशी झुंजायचं हिने. आणि पानावर हिचा उल्लेखसुद्धा नाही. नवरा मोबाइलच्या दुकानात कामाला. पठ्ठ्याने जन्मात मातीला बोट लावलं नव्हतं, पण जगाला कप वाटायला मोकळा. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

"अगं, लोकांना अशीच गोष्ट लागते," तो म्हणाला. "उद्या मुदत संपतेय. ठरलेली रक्कम जमली नाही, तर सगळे पैसे ज्याचे त्याला परत जातात. भट्टी तर येऊ दे."

"बाबा, तुम्ही तरी बोला."

सासरे खिडकीपाशी खुर्चीत होते. "सूनबाई, माझं नाव आहे म्हणून देतात. तुझ्या हातचा म्हटलं तर कोण देणार?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मोबाइल हिसकावला, फळीला टेकवला, रेकॉर्डिंग लावलं आणि चाक फिरवलं.

"कप मी घडवते," माती वर ओढत ती बोलली. "बाबांनी शिकवलं, पण आता त्यांचा हात चालत नाही. आम्ही खोटं सांगितलं. ज्यांना त्यांच्याच हातचा हवाय, त्यांनी आपले पैसे खुशाल काढून घ्यावेत."

आणि नवरा आडवा यायच्या आत तिने ते त्याच पानावर टाकलंही.

संध्याकाळपर्यंत निम्म्याहून अधिक लोक निघून गेले.

"गेली भट्टी! झालं समाधान?" नवरा ओरडला.

समाधान कसलं? भट्टी तिलाच हवी होती, त्या दोघांपेक्षा जास्त. त्याचाच तर संताप होता.

सासऱ्यांनी मोबाइल आपल्या मांडीवर ठेवायला सांगितला. व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला.

"काठ फार पातळ ओढतेस," ते म्हणाले. "म्हणून भट्टीत तडकतात."

ती बघतच राहिली. "तुम्हाला माहीत होतं? फुटलेल्या प्रत्येक कपाचं खापर मी भट्टीच्या माथी फोडलं, बाबा! तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी मान खाली घातली. "बोललो असतो तर ते कप तुझे झाले असते, माझे उरले नसते."

तिला रडू फुटलं, पण राग तसूभर उतरला नाही. तिने त्यांची खुर्ची फरफटत चाकापाशी आणली आणि नवा गोळा घेतला.

"आता बघा," ती म्हणाली. "आणि खबरदार गप्प बसलात तर."