कबरीचा माज

गुरांच्या शिबिराला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि कबरीच्या मागे उभं राहून विचारलं, "खरं सांगा, हिला इतक्यात वळू दाखवलाय का?"

"छे हो!" नवरा म्हणाला. "आळीत वळू एकच, आमच्या थोरल्याचा. त्याच्या दारी मी मेलो तरी पाणी मागायचा नाही, तर गाय नेईन?"

कुंपणापाशी जमलेले हसले. विहिरीच्या वाटणीवरून भाऊभाऊ बोलेनासे झाले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कबरीचं दावं धरून उभी असलेली बायको हसली नाही. कितीदा कृत्रिम रेतनाच्या नळ्या भरून झाल्या, गाय गाभण ठरत नव्हती. "या शिबिरात धरली नाही तर व्यापाऱ्याच्या टेंपोत घालणार," असं नवऱ्याने बजावलं होतं. म्हणून गेल्या महिन्यात तो बाजाराला गेलेला असताना तिने माजावर आलेली कबरी जाऊबाईच्या परसात नेली. जाऊबाईने काही न विचारता फाटक उघडलं. त्यानंतर कबरी माजासाठी हंबरली नव्हती. आता शिबिरात आणखी एक नळी भरली, की वासरू शिबिराच्या नावावर खपेल आणि घर शांत राहील, असा तिचा हिशोब होता.

"महिन्याभराचा गाभ हाताला लागत नाही, म्हणून विचारते," डॉक्टरीणबाई सुई भरत म्हणाल्या. "या इंजेक्शनने सगळ्या गायी एकदम माजावर येतात, मग एका फेरीत काम उरकतं. आणि बायांनो, कुणी पोटुशी असेल तर लांब उभी राहा. औषध नुसतं अंगावर सांडलं तरी पोट पडू शकतं."

दोघी-तिघी मागे सरकल्या.

"अहो..." बायको म्हणाली.

"काय गं?" नवरा वळला. त्याच्या पाठीमागे सगळी आळी तिच्याकडे बघत होती.

"काही नाही. दावं सैल आहे." तिने दावं आवळून धरलं. सुई कबरीच्या मांसल फऱ्यात शिरली.

ठरल्या दिवशी आळीभर गायींचा हंबरडा उठला. शेण भरताना तिला कबरीच्या मागे चिकट स्रावात एक पातळ पिशवी दिसली. आत बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं. तिने ते शेणात मिसळलं आणि पाटी उचलली.

"बघ, आपलीपण आली!" नवरा अंगणातून ओरडला. "म्हटलं नव्हतं, सायन्स आहे ते!"

नळी भरली गेली. तीन आठवड्यांनी कबरी पुन्हा हंबरू लागली, आणि दुसऱ्या दिवशी दारात टेंपो उभा राहिला.

व्यापाऱ्याने फळी लावली. पण नवऱ्याचा हात गायीच्या पाठीवरून निघेना. "खायला कमी केलं नाही गं तुला," तो पुटपुटला. "वांझच निघालीस, त्याला कोण काय करणार?"

"वांझ नाही ती," बायको म्हणाली. "ठरली होती. सुईने पडलं. मी डोळ्यांनी बघितलंय."

"ठरली होती? कशी?"

तिने कुंपणापलीकडे, थोरल्याच्या परसाकडे नुसतं बघितलं.

मग त्याने पाठीवरचा हात काढला आणि खुंट्याची गाठ सोडली. "न्या हो," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता न्या."

"वहिनी," व्यापारी हळूच म्हणाला, "हे सुईच्या आधी बोलायचं होतं."

कबरी फळीपाशी अडून राहिली. व्यापाऱ्याने ओढली, शेपटी पिरगाळली. पुढचे पाय रोवून ती तशीच उभी.

"हिच्याशिवाय नाही हलायची," नवरा बायकोकडे न बघता म्हणाला. "चढव तूच."

तिने दावं हातात घेतलं आणि ती फळीवरून टेंपोत चढली. कबरी मुकाट्याने तिच्या मागोमाग वर आली.