जोडणी एका वेळी एकच

“मॅडम, हा कुशल कोण म्हणून गिऱ्हाइकाकडचे लोक विचारून राहिले,” दुर्गेश सकाळी आल्या आल्या म्हणाला. “आपल्या कंपायलरले माहिती विचारली का त्याचंच नाव दाखवते तो. काढून टाका ना आजच्या आज.”

दामिनीने चहाचा कप खाली ठेवला. दुर्गेश तिचा नवा साहेब, वयाने बारा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता. पण त्याला काय सांगणार, कप्पाळ!

धरमपेठेतली ही छोटी कंपनी कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यांसाठी प्रोग्राम लिही. ते काट्यातल्या चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आयता मिळत नसे. मूळ सोर्स कोडपासून इथेच बिल्ड करावा, म्हणजे घडवावा लागे. चौदा वर्षांपूर्वी तो तिने आणि कुशलने पहिल्यांदा केला, तेव्हा कुशलने घाईघाईत सेटिंगमध्ये स्वतःच्याच नावाच्या फोल्डरचा पत्ता दिला. चूकच ती. पण कंपायलर कोणत्या सेटिंगवर घडला, ते जन्मभर पोटात ठेवतो आणि विचारलं की घडाघडा सांगतो. करोनात कुशल गेला. मग त्याची खुर्ची गेली, ईमेल गेला, हजेरीतलं नाव गेलं. उरलं होतं ते एवढंच.

“करते,” ती म्हणाली. दुसरं म्हणणार तरी काय?

तिने सेटिंगची नवीच फाइल लिहिली, पत्त्यात कंपनीचं नाव टाकलं. जुनी फाइल उघडायचं तिच्या जिवावर आलं होतं. बिल्ड लावला. दीड तासाने, अगदी शेवटी, तयार तुकड्यांच्या अनेक जोडण्या एकदम करताना मशीनची मेमरी संपली आणि सगळं बंद पडलं. पुन्हा लावला. पुन्हा तिथेच घोडं अडलं.

“मॅडम, पाच वाजता पाठवाचं हाय!”

“माहीत हाय ना सर! होईन तेव्हा सांगते मी!” ती वसकन ओरडली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी तिने जुनी फाइल उघडलीच. तळाशी एक सेटिंग होती: जोडणी एका वेळी एकच. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत कुशलची टीप होती, “दामिनी, एकेक होऊ दे वं. घाई कोणाले हाय?”

तिला भरून आलं. मेल्या, तुलाच होती ना घाई! चष्मा पुसून तिने ती सेटिंग नव्या फाइलमध्ये घेतली. टीपही तशीच उतरवली.

पावणेपाचला बिल्ड रडतखडत पार पडला. तिने कंपायलरला माहिती विचारली. पत्त्यात कंपनीचं नाव आलं, आणि सगळ्यात शेवटी जोडणीची ती सेटिंग.

दुर्गेश मागे येऊन वाचू लागला. “गेलं ना नाव! वा! अन् हे शेवटचं काय हाय? काढून टाकू का?”

“नका काढू, सर,” दामिनी म्हणाली. “त्याच्याबिगर बनत नाही हा.”

दुर्गेशने मान हलवली आणि कंपायलर पाठवून दिला. दामिनी उठली. सकाळचा गार चहा तिने बेसिनमध्ये ओतला, कप धुतला आणि पालथा घालून ठेवला.