गरम वाऱ्याचा दावा

गाडीचा एसी गरम वारा फेकतोय असं तपासनीसांच्या बायकोने महिन्याभरात अकराव्यांदा सांगितलं, आणि तपासनीसांनी अकराव्यांदा नकारार्थी मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विमा कंपनीत बावीस वर्षं चेपलेल्या, ठोकलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या बघून लोकांचे दावे खरे की खोटे, हे ठरवायचं त्यांचं काम. समोरचा माणूस रडकुंडीला आला तरी ते आधी टायर बघत. अशा माणसाला घरच्या बाईने नुसतं 'गरम होतं' म्हटल्यावर कसं पटावं?

"रोज सकाळी तीच गाडी मी चालवतो," ते म्हणाले. "हायवेने पन्नास किलोमीटर जातो, पन्नास येतो. गारेगार असते. परवा तर मला स्वेटर आठवला."

"आणि दुपारी तीच गाडी मी चालवते," बायको म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची. "आईंना गुडघ्याच्या व्यायामाला नेते ना गावातून. वाळवंटाचा धडा आला की नकाशा टांगायचीसुद्धा गरज नाही. वर्गाला चार-चार करून गाडीत बसवलं की झालं."

घरात शांतता राहावी म्हणून तपासनीसांनी वाटेतल्या एका दुकानात एसीचा गॅस भरून घेतला. बायको म्हणाली, काही फरक नाही. मग मात्र त्यांनी रीतसर तपासणी करायचं ठरवलं. फ्रिजमधला छोटा थर्मामीटर काढून गाडीतल्या एसीच्या जाळीत अडकवला, हायवेवर आकडा पाहिला आणि घरी येऊन फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला: 'जाळीतून येणारी हवा नऊ अंश. दाव्यात तथ्य आढळले नाही.' खाली सही, तारीख.

संध्याकाळी त्या कागदावर लाल शाईत शेरा पडला होता: 'उत्तर अपूर्ण. शून्य गुण.'

"शनिवारी तुम्ही चालवा," बायको म्हणाली. "माझ्या वेळेला, माझ्या रस्त्याने. मी एक अक्षर बोलणार नाही."

शनिवारी दुपारी तपासनीस स्टिअरिंगवर, बायको शेजारी आणि त्यांच्या आई मागे, अशी वरात निघाली. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. मिनिटभरात जाळीतून असा वारा आला, जसा कोणी तोंडाजवळ येऊन उसासा टाकावा. तपासनीसांच्या कपाळावर घाम डवरला. बायको खिडकीबाहेर बघत होती. बोलायचं नाही असं कबूल केलं होतं, पण तिचे खांदे हलत होते.

"ऊन फार आहे," तपासनीस म्हणाले.

सिग्नल सुटला, गाडी पुलावर चढली, वेग आला आणि वारा गार झाला. तपासनीसांची मान ताठ झाली. "बघ! मी काय म्हणत होतो?"

पूल संपला. पुढे बाजाराचा चौक. गाडी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली आणि पुन्हा तोच उसासा.

"अहो, मी काही बोलत नाहीये हं," बायको म्हणाली.

"अगं, मग बोलतेस कशाला?"

"भांडू नका, मला गाडीचा आवाज ऐकू येत नाही," मागून आई म्हणाल्या.

आईंनी तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात कानाला हेडफोन लावून नोकरी केली होती. लाइन तुटली की कुठे तुटली ते त्या खरखरीवरून सांगत. तपासनीसांना मात्र आई म्हणजे मागच्या सीटवरचं सामान, एवढीच नोंद होती.

"अरे, आधी गाडी उभी राहिली की पुढून घुर्र असा आवाज यायचा," आई म्हणाल्या. "महिना झाला, तो येत नाही. आणि तू म्हणतोस तेही खरं, ती म्हणते तेही. पळते तेव्हा गार, थांबली की गरम. मी दोनदा सांगितलं तुला. तू म्हणालास, आई, आवाज येत नाही ही काय तक्रार झाली?"

तपासनीसांना ते वाक्य आठवलं. विसरले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुकाट्याने गाडी घराजवळच्या गॅरेजकडे वळवली.

गॅरेजचा मिस्त्री त्यांना पाहून मनापासून हसला. "या साहेब! मागच्या वर्षी मी बदललेल्या दाराला तुम्ही 'आवश्यकता नव्हती' लिहिलं होतं. आज काय आवश्यकता?"

बायकोने तोंडावर पदर धरला. तपासनीसांनी घसा साफ करून सगळी हकीकत सांगितली, आणि सांगताना पुलाचा भाग जरा लांबवला. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घुर्र आवाज बंद झाला, हे कोणाच्या लक्षात आलं?"

"आईंच्या," बायको म्हणाली.

"मग आजींना गाडीतच बसू द्या. मला आत साक्षीदार पाहिजे."

इंजिन चालू, एसी चालू, गाडी जागेवर उभी. मिस्त्रीने बॉनेट उघडून तपासनीसांना पुढे बोलावलं. गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीमागे एक चपटं, नळ्यांचं वेटोळं होतं. "आतली सगळी उष्णता इथे येते आणि बाहेर जाते. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा हे काम करतो. उभी असली की या पंख्याने करायचं." पंखा ढिम्म होता. मिस्त्रीने बादलीतून मगभर पाणी घेतलं आणि वेटोळ्यावर मारलं.

"गार!" आतून आई ओरडल्या. थोड्या वेळाने, "गेलं... कोमट... गरम!"

आणखी एक मग. "गार!" आईंचा आवाज तीस वर्षांनी तरुण झाला होता.

"म्हणजे गॅस कमी नव्हताच?" तपासनीसांनी हळूच विचारलं.

"ते तुम्ही कोणाला विचारून भरलात?"

तपासनीस टायर बघू लागले. मिस्त्रीने पंख्याला बॅटरीवरून सरळ वायर लावली. पंखा घुर्र करून फिरला. "हाच!" आई म्हणाल्या. म्हणजे पंखा धडधाकट, त्याच्यापर्यंत वीज पोचत नव्हती. मिस्त्रीने फ्यूजच्या डब्यातून बोटाच्या पेराएवढा काळा रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारी डबी, उपटला आणि शेजारचा तसाच दुसरा त्याच्या जागी बसवला. वायर न लावताही पंखा फिरू लागला.

"झालं?" तपासनीस म्हणाले. एवढुशा डबीने महिनाभर आपल्या घरात आग लावली होती, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"झालंही आणि नाहीही. हा दुसरा रिले हॉर्नचा आहे. नवा उद्या सकाळी दुकान उघडल्यावर मिळेल. आज एक काहीतरी निवडा. एसी किंवा हॉर्न."

"हॉर्न," तपासनीस म्हणाले. हॉर्नशिवाय ते गाडी फाटकाबाहेरही काढत नसत.

"एसी," बायको आणि आई एका दमात म्हणाल्या.

"घर दोन गल्ल्यांवर तर आहे," मिस्त्री म्हणाला. "सावकाश जा. नडलंच तर तोंड आहे."

ते नडलं दुसऱ्याच वळणावर. एक टेम्पो रस्ता अडवून उभा, चालक आणि हमाल कपाट उतरवण्यात गुंग. तपासनीसांचा अंगठा सवयीने हॉर्नवर गेला, दाबला, काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. बायको खिडकीबाहेर बघत होती.

शेवटी त्यांनी काच खाली केली आणि मान बाहेर काढली. बावीस वर्षांत जो शब्द त्यांच्या अहवालात आला नव्हता तो तोंडात आणला. "दादा, कृपया जरा बाजूला घेता का?"

चालकाने चमकून पाहिलं. "घेतो की, साहेब! एवढं कपाट ठेवलं की घेतोच." आणि खरंच घेतला. वर हातही केला.

"काच वर कर," आई म्हणाल्या. "सगळा गार वारा चाललाय बाहेर."

तपासनीसांनी काच वर केली. घराच्या फाटकाशी गाडी उभी राहिली तेव्हा पुढून घुर्र आवाज येत होता. कोणीच उतरेना. आईंनी गुडघे पसरून डोळे मिटले होते. बायकोने जाळीवर तळहात धरला, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"थर्मामीटर आणू?" तिने विचारलं.

"नको," तपासनीस म्हणाले. "मला इथे बसून कळतंय."